कॅमेऱ्यावर सागाचं पान

कॅमेरा गुडघ्याच्या उंचीवर बांधायचा. वर बांधला तर भेकराची नुसती पाठ येते. खाली बांधला तर गवत हललं तरी फोटो निघतो आणि छत्तीस फोटोंचा रोल दोन दिवसांत संपतो. नम्रता मॅडमनी हे आम्हाला टेप लावून शिकवलं. लखमाने टेप एकदाच वापरली. नंतर तो झाडाला कॅमेऱ्याची पेटी बांधायचा, पट्टा आवळायचा आणि समोर दहा पावलांवर जाऊन हातापायांवर चालायचा. डोकं खाली घालून, मध्येच थांबून, मान वळवून, भेकर चालतं तसा. पेटीवरचा लाल दिवा लागला की उठून गुडघे झाडायचा. नाही लागला तर पट्टा दोन बोटं खाली घ्यायचा आणि परत रांगायचा. एका जागेवर मी त्याला अकरा वेळा रांगताना पाहिलं आहे. जमीन सगळी दगडांची होती.

मी म्हटलं, "लखमा, बास कर."

"भेकराला दगड टोचत नाय काय?" तो म्हणाला आणि बारावी वेळ रांगला.

मी देवराम, किन्हवलीकडचा. पंचवीस वर्षं जंगलात रोजंदारीवर राबलो. खड्डे खणले, रोपं वाहिली, उन्हाळ्यात वणवा अडवायला गवत कापून पट्टे काढले. माणूस काम कसं करतो ते मला थोड्या वेळात कळतं. लखमासारखं काम करणारा दुसरा माणूस मला भेटला नाही, म्हणून हे लिहितो आहे. त्याच्याकडून चूक झाली, तीही लिहितो. ती थोडी माझीही आहे.

लखमा ठाकर. खर्डीच्या पुढे, तानसाच्या जंगलाच्या कडेला आंबळपाडा आहे, सव्वीस घरांचा, तिथला. लहानपणी आईबापाबरोबर भिवंडीकडच्या वीटभट्टीवर विटा वाहिल्या. लग्नानंतर भट्टीवर गेला नाही. बायको भिमी पाड्यातलीच. तिच्या बापाने लग्नात तिला ओढ्याकाठचा मोह दिला. त्या पाड्यात मोहाची झाडं घराघरांत वाटलेली आहेत आणि मुलगी पाड्यातच दिली तर तिच्याबरोबर एक झाड देतात. बापाने सगळ्यात मोठं झाड भिमीला दिलं. बाकीची तिच्या धाकट्या भावाला, रघूला राहिली.

त्या मोहांची एक रीत आहे. होळीच्या दुसऱ्या दिवशी सकाळी प्रत्येक घरची बाई होळीतला निखारा खापरात घालून आपल्या मोहाखाली नेते आणि पाला जाळते. जमीन साफ झाली की पडलेलं फूल दिसतं. जिचा निखारा पोचला नाही, तिच्या झाडाचं फूल त्या वर्षी कुणीही वेचावं. भिमीचा निखारा कधी चुकला नव्हता.

२००४च्या पावसाळ्यानंतर मुंबईच्या एका संस्थेकडून नम्रता मॅडम आल्या. भेकरं किती उरलीत, कुठल्या वाटेने आणि किती वाजता फिरतात, ते त्यांना पाहायचं होतं. सहा कॅमेरे, एकेकात चार मोठे सेल, साखळ्या, कुलुपं, सगळं मिळून एका पोत्यात अठरा किलो. वाहायला मी, जागा निवडायला लखमा. मॅडम महिन्यातून एकदा यायच्या. मधल्या काळात रोल बदलणं, शहापूरच्या स्टुडिओत धुवायला टाकणं आणि तिसऱ्या दिवशी फोटो आणणं आमच्याकडे. म्हणजे जंगलात झालेली गोष्ट आम्हाला दहा-बारा दिवसांनी दिसायची.

डिसेंबरात पहिले रोल धुऊन आले. भेकरांचे चार फोटो, डुकरांचे सहा, सायाळीचा एक आणि बायकांचे एकोणीस. पाड्यातल्या बायका रोज पहाटे मोळीला त्याच वाटांनी जातात. ठमी म्हातारीचा फोटो सगळ्यात जवळून आला होता. डोक्यावर मोळी, तोंड उघडं, फ्लॅशने डोळे पांढरे. मॅडमनी कौतुकाने तो तिला दिला. ठमीने उलटासुलटा करून पाहिला.

"हे माजं तोंड हाय का रेड्याचं?"

"तुजंच गो आजी," लखमा म्हणाला.

"मंग रेडाच बरा." बायका हसल्या. ठमी हसली नाही. मॅडम गेल्यावर ती लखमाच्या अंगणात येऊन बसली. "लखम्या, आमच्या डोक्यावरचं लाकूड मोजाय लावलंस काय ही पेटी? उद्या हे फोटो सायबाच्या टेबलावर गेले म्हंजे? तुज्या भिमीचाबी हाय त्यात."

लखमाने दोन दिवस विचार केला आणि तोड काढली. पहाटे जी बाई पहिली येईल तिने वाटेवरचं सागाचं वाळकं पान उचलायचं आणि पेटीच्या तोंडावर पट्ट्यात खोचायचं. सागाचं पान सुपाएवढं, पेटी पूर्ण झाकते. जी शेवटी परतेल तिने ते काढायचं. पान असेपर्यंत पेटी आंधळी. पान लावताना एक आणि काढताना एक असे हाताचे दोन फोटो निघायचे. ते लखमा पाकिटातून काढून घ्यायचा.

मी म्हटलं, "मॅडमना सांग."

"सांगितलं तर आपलं काम जाईल नायतर बायांची वाट जाईल. दोनी कशाला घालवू?"

मीही मॅडमना सांगितलं नाही.

जानेवारीत मॅडमनी वहीत बघून विचारलं, "सकाळी सहा ते दहा एकही जनावर कसं येत नाही? मी दुसरीकडे असं पाहिलं नाही." लखमा वाकून साखळीचं कुलूप तपासत राहिला. कुलूप ठीक होतं.

महिन्याच्या शेवटी पाणवठ्यावरच्या कॅमेऱ्यातून एक फोटो आला. भेकर, मादी, समोरून. मला वाटलं तिच्या तोंडात काही लाल फळ आहे. लखमाने फोटो हातात घेतला, बराच वेळ पाहिला आणि त्यावर तळहात ठेवला.

"हिला खालचा जबडा नाय," तो म्हणाला.

डुक्कर मारायला काही लोक गोळा लावतात. आत स्फोटाची दारू असते, वरून खाण्याची वस्तू. चावला किंवा दाबला की फुटतो. डुक्कर तिथेच पडतं. भेकर बहुतेक वेळा पडत नाही. ते पळतं, आणि खाता येत नाही म्हणून आठ-दहा दिवसांनी कुठेतरी झुडपात मरतं. फोटोतलं भेकर पाण्याकडे बघत उभं होतं. त्याला पाणीही पिता येणार नव्हतं.

पाड्यात सगळे म्हणाले, मुरबाडकडची माणसं डोंगर उतरून येतात. लखमा म्हणाला, येतात तर दिसतील. त्याने सहाही कॅमेरे हलवले. बाहेरून जंगलात शिरायच्या वाटा चार, त्यांवर चार. एक पाणवठ्यावर. सहावा भिमीच्या मोहापाशी, कारण फूल तिथे सगळ्यांच्या आधी पडतं आणि डुकरं तिथे येतात. दगडावरून चालत, पोतं पाठीवर घेऊन, हे सगळं आम्ही एका दिवसात केलं. लखमा त्या दिवशी जेवला नाही.

तीन आठवडे गेले. दोन वेळा रोल धुऊन आले. जनावरं होती, बायकांचे हात होते. पुरुष एकही नव्हता. ओढ्यात मात्र एक डुक्कर सापडलं, तोंड फुटलेलं. गोळा लावणारा येत होता आणि कॅमेऱ्याला दिसत नव्हता.

"मानूस उडत येतो काय रे, देवराम?" लखमाने विचारलं. तो थट्टा करत नव्हता. त्या रात्रीपासून त्याने भिमीला एकटी मोळीला जाऊ दिलं नाही.

होळीला दोन दिवस होते. सकाळी साडेसहाच्या सुमाराला ओढ्याकडून कोरडा आवाज झाला, गोळा फुटल्याचा. ठमीचा कुत्रा, काळ्या, रोज तिच्या पुढे पळायचा. तो मोहाच्या अलीकडे पडलेला सापडला. ठमीने लुगड्याच्या पदराने त्याचं डोकं झाकलं आणि कुणाला बघू दिलं नाही.

लखमाने त्याच दिवशी मोहाजवळचा रोल काढला, मोजून बारा फोटो शिल्लक असताना. शहापूरला टाकला. फोटो मिळाले होळीच्या दिवशी दुपारी बारा वाजता.

स्टुडिओच्या पायऱ्यांवर बसून त्याने ते मांडले. फोटोच्या कोपऱ्यात तारीख आणि वेळ छापलेली असायची. लखमाला वाचायला येत नव्हतं, आकडे येत होते. त्याने एकेका दिवसाचे वेगळे ढीग केले. हाताचे फोटो यावेळी त्याने बाजूला टाकले नाहीत, तेही ज्या त्या ढिगात ठेवले. मी बघत होतो.

बहुतेक दिवशी हाताचे दोन फोटो होते. साडेसहाला पान लावलं, दहाच्या आसपास काढलं. तीन वेळा आदल्या संध्याकाळचेही दोन होते. संध्याकाळी पाचला पान लावलेलं, साडेपाचला काढलेलं. दुसऱ्या सकाळी पावणेसहाला परत लावलेलं, दहाला काढलेलं.

"पावनेसहाला कोन जातं?" लखमा म्हणाला. "बाया घरातनं निघत नाय तवर."

संध्याकाळी पाचला तर कुठलीच बाई जंगलात नसते. पाण्याची वेळ असते. मी संध्याकाळचा फोटो उचलला. हाताला बांगड्या नव्हत्या, शर्टाची बाही होती. सकाळी बायका यायच्या तेव्हा पान आधीच लावलेलं असायचं. प्रत्येकीला वाटायचं, आपल्या आधी दुसरी कुणीतरी गेली.

मुरबाडच्या माणसाला पानाचं काय माहीत असणार? पान फक्त पाड्याला माहीत होतं.

पावणेसहाच्या फोटोत फ्लॅश पडला होता. मनगटावर घड्याळ होतं, पट्टा तपकिरी, काचेला तडा. मॅडमनी आम्हा दोघांना सारखी घड्याळं दिली होती. लखमाला घड्याळाची गरज नव्हती. त्याने आपलं रघूला त्याच्या लग्नात दिलं. तडा त्याच मांडवात गेला होता.

लखमाने तो एक फोटो शर्टाच्या खिशात ठेवला. बाकीचे पाकिटात भरले. खर्डीपर्यंत जीपने आलो. खर्डीहून पाडा सात किलोमीटर, चढाचा. माझी सवय दोन तासांची. त्या दिवशी सव्वा तासात पोचलो, आणि तो माझ्या पुढे होता.

पाड्यात होळीची तयारी चालली होती. होळीचं लाकूड उभं करायला रघू खड्डा खणत होता. कमरेपर्यंत आत उभा, हातात पहार. लखमा काठावर उकिडवा बसला. बाकीची माणसं लाकूड आणायला गेली होती.

"किती लावलंस?" लखमाने विचारलं.

"काय?"

"गोळे."

रघू हसला. "दाजी, होळी पेटायच्या आदीच घेतलीत वाटतं."

लखमाने फोटो मातीच्या ढिगावर ठेवला. रघूने पाहिला. पहार चालवली, थांबवली.

"हात कुनाचाबी असंल."

"हात कुनाचाबी असंल. घड्याळ मी दिलेलं हाय."

रघू खड्ड्यातून वर आला नाही. खालूनच बोलला, अगदी हळू. शहरातला एक माणूस डुकराचं मटण घ्यायचा. संध्याकाळी लावायचे, पहाटे बायका यायच्या आत उरलेले उचलायचे. "समदे उचलतो मी, दाजी. देवाशपथ. एक दिस नाय चुकलो."

"काळ्या गेला त्या दिवशी?"

रघू पहारीवरची माती नखाने काढत राहिला. "उठाय उशीर झाला. सात लावले व्हते. पाच उचलले. एक कुत्र्याने…"

"सातवा?"

"शोधला. दोन सकाळी शोधला. नाय भेटला."

"कुटं लावला व्हतास?"

"ताईच्या मोहाखाली. पाल्यात."

"उद्या सकाळी तुजी बहीन तिथं इस्तव घेऊन जानार हाय."

"कोल्ह्याने नेला असंल तो."

"असंल," लखमा म्हणाला. "तुला म्हाईत हाय काय?"

मी लखमाला बाजूला घेऊन म्हटलं, आत्ताच्या आत्ता सगळ्यांना सांग. तो म्हणाला, माणसं प्यालेली आहेत. आज सांगितलं तर रघूला मारतील, आणि गोळा कुठे लावला ते फक्त रघूला माहीत आहे. उजाडताच आपण तिघं जाऊ, शोधू. सापडला तर सांगू आणि नाही सापडला तरी सांगू. भिमीलाही तेव्हाच. मला ते पटलं नाही. पण दुसरं काही सुचलंही नाही. होळी पेटली. भिमी रघूच्या बायकोचा हात धरून नाचत होती. लखमा लांब बसून होता. ठमीने त्याला विचारलं, "सासरा मेला काय रे तुजा परत?"

उजाडताना आम्ही मोहाखाली होतो. लखमाने दोर बुंध्याला बांधला. दोर ताणून धरायचा आणि तिघांनी शेजारी शेजारी उकिडवं बसून बुंध्याभोवती फिरायचं. एकेक पान दोन बोटांनी उचलायचं, खाली बघायचं, मागे ठेवायचं. एक फेरा झाला की दोर हातभर सोडायचा. पाय सरकवायचा नाही, उचलून ठेवायचा, तोही बघितलेल्या जागेवरच. रघू आतल्या बाजूला होता. त्याचा घाम पानांवर पडताना ऐकू येत होता. सुकी पानं, सुक्या काटक्या, मागच्या वर्षीची फुटलेली मोहाची बी. माझ्या बोटांना चिकटपणा लागला तेव्हा मी हात थांबवला. ते पहिलं मोहाचं फूल होतं.

पाच फेरे हवे होते. तीन झाले आणि वाटेवरून बायकांचा आवाज आला. त्या गात येत होत्या.

लखमा उठला. बघितलेल्या पानांवरून चालत गेला आणि वाटेत हात पसरून उभा राहिला. पंधरा-वीस बायका, प्रत्येकीच्या हातात खापर, खापरात निखारा. त्याने सगळं सांगितलं. पानाचं, हाताचं, घड्याळाचं, सातचं. लपवलं काही नाही, रंगवलंही नाही. रघू त्याच्या मागे मान खाली घालून उभा होता.

ठमीने खापर जमिनीवर ठेवलं आणि रघूसमोर आली. "काळ्याचं तोंड बगितलंस तू? नाय बगितलंस. मी बगितलं." त्याला हात लावला नाही. परत जाऊन खापर उचललं.

भिमी लखमाकडे बघत होती. "तुला कवा कळलं?"

"काल दुपारी."

"आन मी रातभर ह्याच्या बायकोचा हात धरून नाचले. तू बगत व्हतास." ती थांबली. "भाऊ माजा. समद्या पाड्यासमोर सांगितलंस. मला आदी नाय सांगितलंस."

भिमीने आपलं खापर रघूच्या हातात दिलं.

"जा. तू लाव."

"मी जातो," लखमा पुढे झाला.

"तू नाय," भिमी म्हणाली.

आम्ही दीडशे पावलं मागे, मोठ्या कातळाआड गेलो. रघू एकटा पुढे गेला. न बघितलेल्या पाल्याच्या कडेला उभं राहून त्याने निखारा टाकला. पेटला नाही. रात्रीचं दव होतं. त्याला वाकावं लागलं, मग गुडघे टेकावे लागले, मग तोंड पाल्याजवळ नेऊन फुंकावं लागलं. त्याने नऊ वेळा फुंकलं. भिमी कातळाच्या बाहेर उभी होती. तिला आत ओढायला कुणी गेलं नाही. धूर आला, ज्वाळ आली, रघू पळत आला आणि आमच्यापासून लांब जाऊन बसला.

पाला तासभर जळला. तडतडलं की सगळ्यांच्या माना खाली जायच्या. बांबूचं एक पेर फुटलं तेव्हा ठमी मटकन खाली बसली. मग ज्वाळ कडेपर्यंत गेली आणि विझली. जमीन काळी झाली. दुसरा आवाज झाला नाही.

कुणी खूश झालं नाही. गोळा तिथे नव्हता. म्हणजे तो दुसरीकडे होता, आणि दुसरीकडे म्हणजे सगळं जंगल. बाकीचे मोहही आम्ही तसेच लांबून जाळले. दुपारपर्यंत सतरा झाडं झाली. एकाखालीही काही फुटलं नाही.

रघू संध्याकाळच्या आत बायकोला घेऊन भट्टीवर निघून गेला. कुणी त्याला हाकललं नाही, थांबवलंही नाही. चार दिवसांनी मॅडम आल्या. लखमाने हाताचे सगळे फोटो, डिसेंबरापासून जपलेले, त्यांच्यापुढे ठेवले. मॅडमनी ते एकेक करून पाहिले. त्या ओरडल्या असत्या तर बरं झालं असतं. "म्हणजे माझ्या सकाळी सगळ्या खोट्या आहेत," एवढंच म्हणाल्या आणि वही मिटली. कॅमेरे आम्हीच सोडून, पुसून, पोत्यात भरून त्यांच्या गाडीत ठेवले. ते काम तिथे संपलं.

भिमी लखमाशी बोलायची बंद झाली. भाकरी वाढायची, पाणी ठेवायची, शब्द नाही.

फूल पडायला लागलं. मोह वेचल्याशिवाय पाड्याचं भागत नाही, गोळा असो नसो. लखमा रोज पहाटे बायकांच्या पुढे चालायचा. हातात बांबूची लांब काठी. तिने पाला उलटायचा, मग पाय टाकायचा. बायकांनी एकामागे एक, त्याच्या पावलावर पाऊल ठेवून यायचं. पाव तासाची वाट सव्वा तासाची झाली. मला काम नव्हतं. मी दुसरी काठी घेऊन शेवटी चालायचो. झाडाखाली पोचल्यावर बायका पांगायच्या आणि लखमा मधूनमधून एकेकीचं नाव घेऊन हाक मारायचा. ज्या त्या झाडाखालून "ओ" यायचा. भिमीच्या झाडाखालून यायचा नाही. शेजारच्या झाडाखालून ठमी ओरडायची, "हाय रे ती! तोंडात फुलं भरल्यात तिच्या."

अकराव्या दिवशी ठमी तापाने घरी होती.

सात वाजून गेले होते. ओढ्याच्या बाजूने आवाज झाला. तोच, कोरडा. पाखरं उडाली आणि मग जंगलात काहीच ऐकू येईना. लखमा हाका मारायला लागला. "मैना!" ओ आला. "बुधी!" आला. "जना!" आला. प्रत्येक नाव स्पष्ट घेतलं, घाई केली नाही. "भिमी!" थांबला. "भिमी!" परत थांबला. तिसऱ्यांदा त्याचा आवाज फुटला.

मग तो पळाला. साफ केलेल्या वाटेने नाही, सरळ, न बघितलेल्या पाल्यातून, काठी टाकून. मी "लखमा, वाट धर!" म्हणून ओरडलो. त्याने ऐकलं नाही. मी काठी टेकत वाटेने गेलो, त्यामुळे मागे राहिलो.

मी पोचलो तेव्हा भिमी मोहाखालच्या काळ्या जमिनीवर उभी होती. कमरेला टोपली, नजर ओढ्यापलीकडच्या धुराकडे. लखमा तिच्यापासून दहा पावलांवर थांबला होता. पायातून रक्त येत होतं, काट्यांचं.

"हाय मी," भिमी म्हणाली.

तिने तिन्ही हाका ऐकल्या होत्या. तिने त्याच्या मागच्या पाल्याकडे पाहिलं, जिथून तो आला होता. चेहरा उतरला.

"त्यातनं कशाला धावलास? डोकं हाय का तुला?"

ओढ्यापलीकडे भेकर पडलं होतं. कोवळा नर. पाड्यात मटणाला कधी नाही म्हणत नाहीत. त्या दिवशी त्याला कुणी हात लावला नाही. लखमाने आणि मी खड्डा खणला, कमरेइतका, आणि वर दगड रचले.

संध्याकाळी ठमी अंथरुणातून म्हणाली, "सुटलो बाबा. सातवा गेला." दुसऱ्या दिवसापासून बायका पूर्वीसारख्या, बोलत, पसरून चालायला लागल्या. कुणी रांग धरेना. बुधीने लखमाला चिडवलं, "आता काठी टाक रे, म्हाताऱ्या."

लखमाने टाकली नाही. मी त्याला विचारलं, आता काय राहिलं?

"रघू सात म्हनला," तो म्हणाला. "एक दिस नाय चुकलो, असंबी म्हनला व्हता. त्याचं कनचं खरं धरू?"

त्याचा हिशेब मला मोडता आला नाही. रघू नोव्हेंबरपासून गोळे लावत होता की फेब्रुवारीपासून, हेही आम्हाला माहीत नव्हतं. विचारायला तो नव्हता. भट्टीवरून तो पुढे कुठे गेला, ते त्याच्या बायकोच्या माहेरीही ठाऊक नव्हतं.

बाकीच्या बायका पुढे निघून जायच्या आणि मागे दोघंच राहायची. लखमा काठीने पाला उलटायचा, बघायचा, पाय टाकायचा. भिमी त्याच्या मागे टोपली घेऊन थांबायची आणि त्याने उचललेल्या पावलात आपलं पाऊल ठेवायची. हळू चालतो म्हणून शिव्या द्यायची. फूल संपेपर्यंत ती दोघं तशीच गेली, आणि पुढच्या वर्षीही.